‘सिव्हिल’ : एका इंग्रजी विशेषणाचे चरित्र

परभाषेतून आलेले काही शब्द पाहुण्यासारखे येतात आणि पाहुण्यासारखे निघून जातात. काही मात्र घरच्या माणसांत असे मिसळतात की, हे मूळचे कोणाचे हा प्रश्न पुढे कोणी विचारीत नाही. इंग्रजीतील ‘सिव्हिल’ हे विशेषण ह्या दुसऱ्या वर्गातले होय. सांगलीकडच्या किंवा सोलापूरकडच्या खेड्यात कोणी एकाएकी आजारी पडले म्हणजे घरची मंडळी त्यास ‘सिव्हिलला’ नेतात, नागपूरचा गृहस्थ ‘सिव्हिल लाइन्स’मध्ये राहतो, आणि अभियांत्रिकी महाविद्यालयातला मुलगा आपण ‘सिव्हिल’ला आहो असे सांगतो, तेव्हा तो रुग्णालयात पडला आहे अशी भीती कोणास वाटत नाही. विशेषण होते त्याचे नाम झाले, आणि तेही तीन ठिकाणी तीन निराळ्या वस्तूंचे. ज्या भाषेतून हा शब्द आला तिच्यात तर ह्याहून मोठा घोटाळा दिसतो. तेथे न्यायालय सिव्हिल, नोकरी सिव्हिल, विवाह सिव्हिल आणि युद्धही सिव्हिल. आणि दारी आलेल्या मनुष्याशी दोन शब्द नीट बोलणारा गृहस्थ, तोही सिव्हिलच! ज्या शब्दाने युद्धाचे वर्णन व्हावे त्यानेच सौजन्याचेही व्हावे, हे कोडे विद्यार्थ्यांनी आम्हांस अनेकदा घातले आहे. हा केवळ शब्दकोशाचा प्रश्न असता तर त्यासाठी वाचकांचा वेळ आम्ही घेतला नसता. परंतु ह्या एका शब्दाच्या अर्थावर आपल्या देशात एके काळी तळ्याचे पाणी आणि तुरुंगाचे दार अवलंबून होते; म्हणून त्याचे चरित्र थोडे विस्ताराने पाहणे इष्ट वाटते.

प्रथम आपल्या भाषेने ह्या शब्दाची वाटणी कशी केली आहे ते पाहू. सिव्हिल कोर्टास आपण दिवाणी न्यायालय म्हणतो. लष्करी नसलेल्या अधिकाऱ्यास मुलकी अधिकारी म्हणतो. सिव्हिल वॉर म्हणजे यादवी युद्ध. सिव्हिल इंजिनियरिंग म्हणजे स्थापत्यशास्त्र. सिव्हिल राइट्स म्हणजे नागरी हक्क. सिव्हिल मॅरेज म्हणजे नोंदणी विवाह. आणि सिव्हिल डिसोबीडियन्स म्हणजे सविनय कायदेभंग. एका इंग्रजी शब्दाच्या जागी सात मराठी शब्द, आणि त्या सातांत दिसण्यात तरी कसलेही नाते नाही. दोन फारसी वळणाचे, एक महाभारतातला, एक शिल्पशास्त्रातला, एक कचेरीतल्या वहीवरून आलेला. ह्यावरून मराठी भाषा दरिद्री ठरवावी, की एकाच शब्दावर सात कामे भागविणारी इंग्रजी दरिद्री ठरवावी, असा वाद घालण्यात स्वारस्य नाही. इंग्रजांना हा शब्द अनेक शतकांत हळूहळू मिळाला. आपल्याला त्याचे सातही अर्थ थोड्या काळात आणि निरनिराळ्या खात्यांतून मिळाले. ज्या खात्यात जो अर्थ आला त्या खात्याने हाताशी असलेला शब्द त्यास दिला.

ह्या शब्दाचे मूळ रोममध्ये आहे. लॅटिन भाषेत ‘सिव्हिस’ म्हणजे नागरिक. त्यापासून ‘सिव्हिलिस’, म्हणजे नागरिकांचे किंवा नागरिकास शोभणारे. परंतु रोमचा नागरिक म्हणजे रोममध्ये राहणारा प्रत्येक मनुष्य नव्हे. गुलाम नागरिक नव्हता, परदेशीय व्यापारी नागरिक नव्हता. रोमन नागरिकांचा म्हणून जो कायदा होता त्यास ‘नागरिकांचा कायदा’ असे नाव होते, आणि त्या कायद्याचा आसरा परक्यास नसे; परक्यांचे खटले ऐकण्यासाठी इ. स. पू. २४२ च्या सुमारास एक निराळा न्यायाधिकारी नेमावा लागला. पुढे इ. स. २१२ मध्ये काराकाला बादशहाने साम्राज्यातील जवळजवळ सर्व स्वतंत्र रहिवाशांस नागरिकत्व दिले, तोपर्यंत हा शब्द ही एक तटबंदीच होती. आत असलेल्यास हक्क, बाहेर असलेल्यास कृपा. तथापि तटाच्या आतील माणसांचे एकमेकांवरील ऋण रोमन लोक फार मोठे मानीत. रणांगणावर आपल्या सहनागरिकाचा प्राण वाचविणाऱ्या वीरास ओक वृक्षाच्या पानांचा मुकुट देत. त्याचे नाव ह्याच धातूवरून पडले आहे.

युद्धास हे विशेषण कसे लागले, हे आता सहज ध्यानात येईल. नागरिकांनी नागरिकांशी केलेले युद्ध ते सिव्हिल युद्ध. इ. स. पू. ४९ मध्ये सीझर सैन्यासह रुबिकॉन नदी ओलांडून आला तेव्हा त्याच्यासमोर गॉल किंवा जर्मन उभे नव्हते, त्याच शहराचे नागरिक उभे होते. परक्यांवर मिळविलेल्या विजयाची मिरवणूक काढण्याचा रोमन लोकांना मोठा सोस. पण स्वकीय नागरिकांवरील विजयाची मिरवणूक काढू नये असा त्यांचा जुना संकेत होता. ह्या अर्थासाठी मराठीने जो शब्द उचलला त्याचे कौतुक करावे तेवढे थोडेच आहे. प्रभासक्षेत्री मद्याच्या धुंदीत एकमेकांचा संहार करणारे यादव एकाच कुळाचे होते. ‘यादवी’ ह्या शब्दात ती सारी लाज आणि तो सारा शोक आपोआप येतो. १६४२ मध्ये इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट ह्यांच्यात, किंवा १८६१ मध्ये अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण ह्यांच्यात जे युद्ध पेटले त्यास ‘यादवी’ म्हटले म्हणजे इंग्रजी शब्दापेक्षा अधिक सांगितल्यासारखे होते.

इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमधून चौदाव्या शतकात आला. तेथे त्याचे जे पुढे झाले ते समजण्यास एक युक्ती आहे. ‘सिव्हिल म्हणजे काय?’ असे न विचारता ‘येथे सिव्हिलच्या विरुद्ध काय उभे आहे?’ असे विचारावे. धर्मपीठाच्या कायद्यासमोर उभा राहिला की तो ‘ऐहिक’. सैन्यासमोर उभा राहिला की ‘बिनलष्करी’. गुन्ह्यासमोर उभा राहिला की ‘दिवाणी’. रानटीपणासमोर उभा राहिला की ‘सभ्य’. शब्द तोच, समोरची भिंत तेवढी बदलते. आठव्या हेन्रीने रोमच्या पोपशी संबंध तोडल्यावर विद्यापीठांतून धर्मपीठाच्या कायद्याचे अध्यापन बंद केले आणि ऑक्सफर्ड व केंब्रिज येथे सिव्हिल कायद्याची, म्हणजे रोमन कायद्याची, प्राध्यापकपदे निर्माण केली. ‘सिव्हिलियन’ म्हणजे बिनलष्करी माणूस असे आपण आज समजतो. पण इंग्लंडात त्या शब्दाचा पहिला अर्थ रोमन कायद्याचा पंडित असा होता.

सौजन्याचा अर्थ सोळाव्या शतकात जोर धरू लागला. शहरात दाटीने राहावयाचे म्हणजे शेजाऱ्याशी बोलण्याचालण्याची काही रीत लागते. ती रीत ज्यास साधली तो सिव्हिल. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ नाटकाच्या नांदीत शेक्सपियरने एकाच ओळीत हा शब्द दोनदा योजून नागरिक आणि सभ्य हे दोन्ही अर्थ एकमेकांवर घासले आहेत; दोन घराण्यांच्या वैराने शहराचे काय होते, हे त्या नाटकात पुढे दाखवावयाचे असल्यामुळे तो श्लेष नुसता शाब्दिक राहत नाही. अठराव्या शतकात ह्या शब्दास ‘सिव्हिलिझेशन’ हे अपत्य झाले. परंतु कोशकार जॉन्सन त्यास घरात घेईना. १७७२ च्या मार्च महिन्यात तो आपल्या कोशाच्या नव्या आवृत्तीचे काम करीत असता बॉस्वेलने ह्या शब्दाची शिफारस केली, पण जुना ‘सिव्हिलिटी’ शब्द असता नवा कशास हवा, असे म्हाताऱ्याचे मत पडले. कोशकारास न विचारता शब्द वाढला, आणि पुढल्या शतकात त्याच्याच नावावर दुसऱ्यांच्या देशांवर राज्य करण्याचा परवाना काढण्यात आला.

शहरातून सभ्यता निघते ही कल्पना आपल्याकडेही होतीच. संस्कृतात ‘नागर’ म्हणजे चतुर, संस्कारी. त्याच्या उलट ‘ग्राम्य’. वात्स्यायनाने ज्याची दिनचर्या वर्णिली तो ‘नागरक’ हा शहरातला रसिक, सुखवस्तू पुरुष होय. कौटिल्याचा ‘नागरक’ हा शहराचा बंदोबस्त पाहणारा अधिकारी. आणि शाकुंतलाच्या सहाव्या अंकात अंगठी सापडलेल्या कोळ्यास पकडून आणणारा ‘नागरिक’ हा पोलिसांचा मुख्य आहे. म्हणजे नगरापासून आपल्याकडे रसिकता निघाली आणि कोतवाली निघाली. पण नगरात राहणाऱ्या सामान्य मनुष्याचा हक्क ह्या शब्दात नव्हता. आज आपण ‘नागरिक’ म्हणतो त्यात जो मतदार, करदाता, हक्कदार मनुष्य आहे, तो जुन्या शब्दात नवा राहावयास आलेला आहे.

‘लष्करी नव्हे ते सिव्हिल’ ह्या अर्थाची दोन अपत्ये आपल्या चांगल्या परिचयाची आहेत. सैन्यासाठी तट, खंदक, पूल आणि यंत्रे करणारा तो इंजिनियर, असा इंग्लंडात पूर्वी अर्थ होता. एडिस्टन येथील प्रसिद्ध दीपगृह १७५९ मध्ये पुरे करणारा जॉन स्मीटन हा स्वतःस सिव्हिल इंजिनियर म्हणवू लागला, कारण त्याचे पूल आणि बंदरे प्रजेसाठी होती. १७७१ मध्ये अशा लोकांचे एक मंडळ निघाले आणि १८१८ मध्ये त्यांची कायमची संस्था स्थापन झाली. दुसरे अपत्य ‘सिव्हिल सर्व्हिस’. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या लष्करी नोकरांहून वेगळे दाखविण्यासाठी व्यापाराच्या आणि कारभाराच्या नोकरांस हे नाव दिले. १८५५ पासून ह्या नोकरीसाठी स्पर्धेची परीक्षा सुरू झाली; १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ ठाकूर हे तीत उत्तीर्ण झालेले पहिले हिंदी गृहस्थ, आणि त्यांची नोकरी आपल्या मुंबई इलाख्यातच झाली. ही ‘इंडियन सिव्हिल सर्व्हिस’ इंडियनही नाही, सिव्हिलही नाही आणि सर्व्हिसही नाही, असा एक विनोद पारतंत्र्याच्या काळात सर्वतोमुखी होता. त्यातली खोच ‘सिव्हिल’ ह्या शब्दाच्या दोन अर्थांतच आहे. नोकरी बिनलष्करी होती ह्यात शंका नाही. पण तीतल्या साहेबांच्या तोंडी सभ्य भाषा असेच असे नाही.

न्यायालयाचा ‘दिवाणी’ शब्द मात्र इंग्रजांच्या भाषेतून आलेला नाही. तो मोगलांच्या दप्तरातून आला. मोगल सुभ्यात दिवाण वसूल पाही आणि नाझिम शांतता व शिक्षा पाही. १७६५ मध्ये कंपनीस बंगालची दिवाणी मिळाली. वसुलाबरोबर जमिनीचे आणि देण्याघेण्याचे तंटेही तिच्याकडे आले. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने जिल्ह्याजिल्ह्यांत दिवाणी व फौजदारी अशा दोन अदालती नेमल्या, तेव्हा इंग्रजीतल्या ‘सिव्हिल’वर ‘दिवाणी’चा शिक्का बसला. नागरिकाचा कायदा असा मूळ अर्थ असलेल्या शब्दाचे भाषांतर वसूलदाराच्या हुद्द्यावरून व्हावे, ह्यात एक सूचक गोष्ट आहे. राज्यकर्त्यांस समोर नागरिक दिसत नव्हता, कुळ दिसत होते.

विवाहाच्या बाबतीतही असेच झाले. इंग्लंडात १८३६ च्या कायद्याने धर्मोपदेशकाशिवाय अधिकाऱ्यापुढे लग्न लावण्याची मोकळीक झाली. ते सिव्हिल, कारण ते धर्मविधीवाचून झालेले. आपल्याकडे १८७२ च्या कायद्याने ही सोय दिली खरी, पण त्यासाठी वधूवरांस आपण हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, अशी नकारांची मालिका लिहून द्यावी लागे. नागरिक म्हणून लग्न करावयाचे तर आधी स्वधर्म नाकारावयाचा! १९२३ मध्ये हिंदू, बौद्ध, शीख व जैन ह्यांस ह्यातून मोकळीक मिळाली, आणि १९५४ च्या कायद्याने ती अट सर्वांसाठीच नाहीशी केली. लोकांनी मात्र ह्या साऱ्या प्रकरणातली वही तेवढी लक्षात ठेवली आणि ‘रजिस्टर लग्न’ हे नाव पाडले.

येथवरच्या कथेत कोणाच्या हक्काची हानी झाली असे वाचकांस कदाचित वाटणार नाही. परंतु महाडच्या चवदार तळ्याकडे वळले की हा शब्दविचार एकदम गंभीर होतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या लोकांस मोकळे करावेत, असा रा. सी. के. बोले ह्यांचा ठराव मुंबईच्या कायदेकौन्सिलाने १९२३ मध्ये संमत केला होता. महाडच्या नगरपालिकेने त्यास अनुसरून ठरावही केला होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. नगरातल्या पाण्यावर नगरात वावरणाऱ्या सर्वांचा सारखा हक्क, ह्याहून शुद्ध अर्थाने ‘नागरी’ दुसरे काय असू शकेल? पण विरोधकांनी काय केले पाहा. त्यांनी त्याच वर्षी डिसेंबरात तळे खाजगी आहे असे म्हणून दिवाणी न्यायालयात दावा लावला आणि तात्पुरती मनाई मिळविली. इंग्रजीत सांगावयाचे तर सिव्हिल हक्क अडविण्यासाठी सिव्हिल दावा! मराठीत ‘नागरी’ आणि ‘दिवाणी’ हे शब्द एकमेकांस ओळखत नसल्यामुळे ही विसंगती आपल्या कानास जाणवतही नाही. डॉ. आंबेडकर स्वतः बॅरिस्टर. त्यांनी मनाईहुकूम मोडला नाही. जमलेल्या हजारो लोकांस आवरून त्यांनी तळ्यावरील सत्याग्रह तहकूब केला आणि दावा लढविला. दहा वर्षांनी, १९३७ च्या मार्चमध्ये, मुंबईच्या उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. दहा वर्षे हा काळ ज्यांस तहान नाही त्यांस थोडा वाटतो. पुढे राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ मध्ये तिच्यासाठी शिक्षेचा कायदा झाला, आणि १९७६ मध्ये त्या कायद्यास ‘नागरी हक्क संरक्षण’ हे नाव मिळाले. महाडला जे मागितले होते त्याचे योग्य नाव कायद्याच्या पुस्तकात चढावयास जवळजवळ पन्नास वर्षे लागली.

आता राहिला ‘सविनय कायदेभंग’. अमेरिकेत हेन्री थोरो ह्याने गुलामगिरी पोसणाऱ्या सरकारास कर देण्याचे नाकारल्यामुळे १८४६ मध्ये एक रात्र तुरुंगात काढली. त्यावरचा त्याचा निबंध १८४९ मध्ये छापला गेला तेव्हा त्याच्या मथळ्यात ‘सिव्हिल’ हे विशेषण सरकारास लावलेले होते : सिव्हिल सरकारास प्रतिकार. थोरो १८६२ मध्ये वारला. १८६६ च्या संग्रहात तोच निबंध ‘सिव्हिल डिसोबीडियन्स’ ह्या मथळ्याने आला, आणि विशेषण सरकारावरून उठून अवज्ञेवर जाऊन बसले. शब्दाची ही एक उडी. पण तिने पुढे दोन खंडांत काम केले. थोरोच्या मनात ह्या शब्दाचा अर्थ राज्यसंस्थेसंबंधीचा असाच दिसतो, नम्रतेचा नव्हे. गांधीजींनी त्यास ‘गुन्हेगारी’च्या समोर उभे केले. गुन्हेगार कायदा चोरून मोडतो आणि शिक्षा चुकवितो. सत्याग्रही तो उघड मोडतो आणि शिक्षा पत्करतो. भारत सेवक समाजाचे कोदंडराव ह्यांस १९३५ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्पष्ट केले की, आपली कल्पना थोरोपासून घेतलेली नाही, आणि ह्या इंग्रजी शब्दानेही तिचा पुरता अर्थ व्यक्त होत नाही.

मराठीत ‘सविनय’ शब्द रूढ झाला त्यावर कित्येकांचा आक्षेप आम्ही ऐकला आहे. नागरिकाच्या हक्काने केलेली अवज्ञा असा अर्थ असता, हात जोडून कमरेत वाकून केलेली अवज्ञा असा अर्थ ह्या शब्दाने झाला, असे ते म्हणतात. आम्हांस हा आक्षेप मान्य नाही. ‘विनय’ म्हणजे लवणे हा अर्थ उत्तरकालीन आहे. वि उपसर्ग आणि नी धातू ह्यांपासून झालेल्या ह्या शब्दाचा जुना अर्थ वळण, शिक्षण, शिस्त असा आहे. शिकवून तयार केलेल्या घोड्यास संस्कृतात ‘विनीत’ म्हणतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील पहिल्या अधिकरणाचे नावच ‘विनयाधिकारिक’, आणि त्यात राजाच्या शिक्षणाचा व इंद्रियजयाचा विचार आहे. बौद्धांच्या ‘विनयपिटका’त भिक्षुसंघाचे नियम आहेत. त्या अर्थाने सविनय कायदेभंग म्हणजे ज्याने स्वतःस वळण लावले आहे अशा मनुष्याने केलेला कायदेभंग. १९३० च्या मे महिन्यात शिरोड्याच्या मिठागरांवर जे स्वयंसेवक लाठ्या खात उभे राहिले ते लवून उभे नव्हते, शिस्तीने उभे होते. त्याच महिन्यात सरकारने सोलापुरात मुलकी सत्ता बाजूस सारून लष्करी कायदा पुकारला. सिव्हिल कोण आणि सिव्हिल कोण नव्हे, ह्याचा उलगडा त्या महिन्यात दोन शहाण्या कोशकारांस मिळूनही करता आला नसता, इतका तो लोकांनी करून दाखविला.

तेव्हा युद्धास आणि सौजन्यास एकच विशेषण का, ह्या कोड्याचे उत्तर असे की, ते विशेषण मुळात दोहोंपैकी कोणाचेच नाही. ते एकत्र राहणाऱ्या माणसांच्या परस्परसंबंधाचे आहे. तो संबंध तुटला की यादवी, त्याचा तंटा झाला की दिवाणी, तो नाकारला गेला की नागरी हक्कांची चळवळ, आणि तो रोज नीट चालला की सौजन्य. मराठीने हे अर्थ वेगळे केले त्यामुळे कोर्टात आणि कचेरीत आपले काम सुकर झाले. सारे मोडून एकच शब्द घडवावा असे आम्ही सुचवीत नाही. मात्र वेगळ्या शब्दांमुळे एक समजूत आपल्यात बळावली आहे की, सभ्यता ही घरच्या संस्काराची बाब आणि हक्क ही कायद्याची बाब. एक असला तर दुसऱ्याची गरज नाही. रांगेत उभ्या असलेल्या गरीब मनुष्यास खिडकीपलीकडचा कारकून एकेरीत हाक मारतो, तेव्हा तो केवळ उद्धटपणा करीत नसतो. समोरचा मनुष्य नागरिक आहे ही गोष्टच तो अमान्य करीत असतो. आणि त्या मनुष्यास आपला दाखला मागताना हात जोडावे लागतात, तेव्हा त्याच्या विनयाची तारीफ करण्यात आपली शोभा नाही.